बिल्डर बुडाला तर? मेलबर्नमध्ये घर बांधताना वॉरंटी विमा नेमकं काय देतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये प्लॉट घेतलाय, जमिनीचा व्यवहार पूर्ण झालाय, बिल्डरबरोबर साडेचार लाख डॉलरचा करार पुढच्या आठवड्यात व्हायचाय. सेल्समन सांगतो की वॉरंटी इन्शुरन्स त्यांच्याकडूनच आहे, त्यामुळे सहा वर्षं कसलीही काळजी नाही. फक्त डिपॉझिट या शुक्रवारपर्यंत भरा. त्यावर विसंबून राहायचं का?

मी मेलबर्नच्या पश्चिम भागात घरांची टप्प्याटप्प्याने तपासणी करतो. हा प्रश्न आपल्या मंडळींकडून सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शुक्रवारचं. विम्याचं सर्टिफिकेट, तुमच्या नावाने आणि तुमच्या प्लॉटच्या पत्त्यासह, हातात येत नाही तोवर डिपॉझिट देऊ नका. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, १६,००० डॉलरच्या वरच्या घरकामासाठी हा विमा बिल्डरने काढलाच पाहिजे आणि कराराचा पहिला पैसा घेण्याआधी काढला पाहिजे. 'प्रोसेसमध्ये आहे, दोन-चार दिवसांत ईमेल येईल' असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की ईमेल आला की त्याच दिवशी पैसे पाठवतो. चांगल्या बिल्डरला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे आणखी काही प्रश्न विचारून बघा.

एवढं निक्षून सांगण्याचं कारण २०२३ साली घडलं. त्या वर्षी ३१ मार्चला पोर्टर डेव्हिस ही ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या घरबांधणी कंपन्यांपैकी एक कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे देणी फेडता न आल्याने बंद पडली. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँड मिळून सुमारे १,७०० घरं अर्धवट राहिली किंवा सुरूच झाली नाहीत. पण सगळ्यात वाईट अवस्था झाली ती ज्यांनी डिपॉझिट भरलं होतं आणि ज्यांच्या नावाने विमा काढलाच गेला नव्हता, अशा शेकडो कुटुंबांची. कायद्याने विमा सक्तीचा होता, पैसे घेतले गेले होते, आणि पॉलिसी अस्तित्वातच नव्हती. त्यांच्यासाठी शेवटी व्हिक्टोरिया सरकारला वेगळी मदत योजना जाहीर करावी लागली. असं प्रत्येक वेळी होईल हे गृहीत धरू नका. विमा कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमची पॉलिसी आहे की नाही, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. तो पाच मिनिटांचा उद्योग डिपॉझिट देण्याआधी करा.

आता हा विमा म्हणजे काय ते. बांधकामावर आग लागली, वादळात फ्रेम म्हणजे घराचा सांगाडा पडला, साइटवरून वायर चोरीला गेली, यासाठी हा विमा नाही. त्यासाठी बिल्डरचा कॉन्ट्रॅक्ट वर्क्सचा वेगळा विमा असतो. वॉरंटी विमा घरमालकासाठी आहे. हप्ता बिल्डर भरतो, पण तो कराराच्या किमतीत धरलेला असतो, म्हणजे पैसे शेवटी तुमचेच. आणि तो केव्हा कामाला येतो? जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत फक्त चार प्रसंगी: बिल्डर वारला, नाहीसा झाला, दिवाळखोर झाला, किंवा त्याने न्यायाधिकरणाचा अथवा कोर्टाचा आदेश पाळला नाही. हा चौथा प्रसंग २०१५ मध्ये जोडला गेला.

सेल्समनच्या बोलण्यातून निसटतं ते नेमकं इथे. बिल्डर धडधाकट आहे, ऑफिस उघडं आहे, नवी घरं विकतोय, पण तुमच्या भिंतीला भेग पडली आणि तो फोन उचलत नाही, तर या पॉलिसीवर तुम्हाला थेट दावा करता येत नाही. आधी त्याच्याकडे लेखी तक्रार, मग सलोख्याची प्रक्रिया, ती फसली तर व्हिकॅट म्हणजे व्हिक्टोरियाचं न्यायाधिकरण, तिथे आदेश, आणि तोही त्याने पाळला नाही तर विमा. या रस्त्याला महिने लागतात, कधी कधी वर्षं. सलोख्याच्या सेवेला फी नाही हा एक दिलासा.

हे असं का झालं त्याचा इतिहास थोडा सांगतो, कारण तो कळला की पॉलिसीचा स्वभाव कळतो. २००१ च्या मार्चमध्ये एचआयएच ही विमा कंपनी कोसळली. ऑस्ट्रेलियाच्या उद्योगजगतातलं ते अतिशय मोठं पतन होतं आणि घरबांधणीच्या वॉरंटी विम्यात त्या कंपनीचा मोठा वाटा होता. हादरलेल्या बाजारात दुसऱ्या कंपन्या जोखीम घ्यायला तयार होईनात, म्हणून २००२ मध्ये व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सने हा विमा 'शेवटचा पर्याय' असा करून टाकला, म्हणजे बिल्डरकडून काही मिळणं शक्य नसेल तेव्हाच तो मिळायचा. पुढे खासगी कंपन्याही बाहेर पडत गेल्या आणि २०१० पासून व्हिक्टोरियात हे काम मुख्यतः सरकारी विमा संस्थेकडे, व्हीएमआयएकडे आलं. क्वीन्सलँडने मात्र आपली सरकारी योजना 'पहिला पर्याय' म्हणूनच ठेवली. तिथे बिल्डर जिवंत आणि सुस्थितीत असला तरी मालकाला योजनेकडे जाता येतं.

व्हिक्टोरियातही आता वारं त्याच दिशेला वळलंय. १ जुलै २०२५ पासून बिल्डरची नोंदणी, तक्रारनिवारण आणि हा विमा हे तिन्ही विषय बिल्डिंग अँड प्लंबिंग कमिशन या एकाच छताखाली आणले गेले, आणि त्याच वर्षी मंजूर झालेल्या कायद्याने विमा 'पहिला पर्याय' करण्याची तरतूद केली. मला विचाराल तर हा बदल खूप आधी व्हायला हवा होता. पण तुमच्यासाठी मुद्दा एवढाच की तुमच्या सर्टिफिकेटला जुने नियम लागू आहेत की नवे, हे कमिशनकडून लेखी विचारून घ्या. शेजाऱ्याच्या पॉलिसीवरून आपल्या पॉलिसीचा अंदाज बांधू नका. दोन घरांच्या करारांत सहा महिन्यांचं अंतर असेल तरी उत्तर वेगळं असू शकतं. खाली जे आकडे देतोय ते जुन्या पद्धतीच्या पॉलिसीचे आहेत.

त्या पॉलिसीची कमाल मर्यादा ३ लाख डॉलर. काम पूर्ण झाल्यापासून स्ट्रक्चरल, म्हणजे पाया-सांगाड्यासारख्या, दोषांना ६ वर्षं, बाकीच्या दोषांना २ वर्षं. सेल्समनची 'सहा वर्षं' इथून येतात. दार नीट लागत नाही, टाइल पोकळ वाजते, रंग सोलतोय, ही सगळी दोन वर्षांतली खाती. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की ताबा मिळाल्यावर वीस-बावीस महिन्यांनी एकदा घराची पुन्हा नीट पाहणी करून घ्या आणि जे दिसेल ते बिल्डरला लेखी कळवा. बहुतेक लोकांना हे तिसऱ्या वर्षी आठवतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा, जो कुठल्याच माहितीपत्रकात ठळक दिसत नाही: घर अर्धवट राहिलं तर ते पूर्ण करण्यासाठी मिळणारी रक्कम कराराच्या किमतीच्या २० टक्क्यांपुरतीच. तुमच्या साडेचार लाखांवर ९०,००० डॉलर. ३ लाखांचा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात, पण अर्धवट घराला ही वीस टक्क्यांची भिंत आडवी येते.

कागदावर मांडून बघू. कायद्याने ठरवलेले नेहमीचे टप्पे असे: डिपॉझिट ५ टक्के, पाया झाला की १०, फ्रेम झाली की १५, लॉक-अपला (घर बाहेरून बंद झालं की) ३५, फिक्सिंगला (आतली दारं, कपाटं, बेसिन बसली की) २५ आणि घर पूर्ण झालं की शेवटचे १०. समजा फ्रेम उभी राहिली, ती बिल्डिंग सर्व्हेअरने (बांधकामाचा परवाना देणाऱ्या तपासनिसाने) पास केली आणि त्यानंतर बिल्डर बुडाला. तोवर तुम्ही २२,५००, ४५,००० आणि ६७,५०० असे मिळून १,३५,००० डॉलर दिलेत. तुमच्याकडे कराराचे ३,१५,००० शिल्लक आहेत. नवा बिल्डर येतो, दुसऱ्याच्या अर्धवट कामाची जोखीम अंगावर घ्यायची म्हणून चढा भाव सांगतो. धरू या ४,२०,०००. तूट १,०५,००० ची. विम्याकडून जास्तीत जास्त ९०,०००. उरलेले १५,००० तुमच्या खिशातून. जड आहे, पण झेपण्यासारखं.

आता दुसरं चित्र. फ्रेम झाल्यावर बिल्डर म्हणाला, 'विटा ऑर्डर करायच्यात, खिडक्या येऊन पडल्यात, लॉक-अपचे पैसे आधी सोडा म्हणजे काम थांबणार नाही,' आणि तुम्ही ते सोडले. ते १,५७,५०० डॉलर. पंधरा दिवसांनी कंपनी बंद. आता शिल्लक आहेत १,५७,५००, नव्या बिल्डरचा भाव तोच ४,२०,०००. तूट २,६२,५००. विमा तोच ९०,०००, आणि तेही टप्पा पूर्ण होण्याआधी दिलेल्या पैशांबद्दल विमा कंपनीने हरकत घेतली नाही तर. खिशातून जाणार १,७२,५००. घर तेच, विमा तोच. फरक फक्त एका सहीचा.

म्हणून माझं ठाम मत: या विम्यावर तुम्ही किती विसंबू शकता, हे तुम्ही पैसे कसे सोडता त्यावर ठरतं. टप्पा झाला नाही तर पैसा नाही. आणि टप्पा झाला म्हणजे काय, हे कायद्यात स्पष्ट आहे. लॉक-अप म्हणजे बाहेरच्या भिंतींचं आवरण आणि छप्पर बसलेलं, फरशीची जमीन घातलेली, बाहेरची दारं-खिडक्या लागलेल्या, भले दारं तात्पुरती असोत. मी एकदा ज्या घराची लॉक-अप तपासणी करायला गेलो, तिथे इनव्हॉइस आठवडाभर आधीच येऊन पडलं होतं. समोरून घर सुंदर दिसत होतं. मागे गेलो तर अल्फ्रेस्कोच्या, म्हणजे मागच्या छत असलेल्या ओसरीच्या, सरकत्या दाराच्या जागी प्लॅस्टिकचा कागद ताणून खिळ्यांनी ठोकलेला, आणि लॉन्ड्रीच्या बाजूच्या भिंतीला विटांच्या शेवटच्या चार ओळी बाकी. मालक रोज संध्याकाळी रस्त्यावरून गाडीतून बघून जायचे. मागे कोणी फिरकलंच नव्हतं. मी अहवालात फोटोसह लिहिलं, त्यांनी पैसे थांबवले, दहा दिवसांत दार लागलं. बिल्डर वाईट नव्हता. पण ते दहा दिवस ती रक्कम मालकांच्या हातात होती, बिल्डरच्या नाही.

बँकेबद्दलही एक गैरसमज काढून टाका: ती कामाचा दर्जा तपासते हा. बांधकाम कर्जात प्रत्येक हप्ता सोडताना बँक तुमची सही मागते, कधी आपला व्हॅल्युअरही पाठवते. तो मूल्य बघतो, कामाचा दर्जा नाही. बिल्डिंग सर्व्हेअर ठराविक सक्तीच्या तपासण्या करतो. त्या परवान्याच्या नियमांपुरत्या असतात, तुमच्या करारातल्या प्रत्येक ओळीपुरत्या नसतात. आणि सर्व्हेअर तुम्ही नेमायचा असतो. २०१६ पासून बिल्डरला मालकाच्या वतीने खासगी सर्व्हेअर नेमता येत नाही. तरी 'आमचा नेहमीचा माणूस आहे, इथे सही करा' असा फॉर्म पुढे येतो. वाचून सही करा, किंवा दुसरा माणूस शोधा. विम्याचं सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय सर्व्हेअर परमिट देऊ शकत नाही ही तुमची आणखी एक राखण आहे. पण परमिट येतं डिपॉझिटनंतर, म्हणून ती राखण डिपॉझिट वाचवायला उशिरा पोचते.

सर्टिफिकेट आलं की ते कराराशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. बिल्डरचं नाव बघा. जाहिरातीतलं ब्रँडचं नाव आणि करारावरची कंपनी वेगळी असते. सर्टिफिकेटवर करारावरचीच कंपनी, त्याच एबीएनसह (व्यवसायाच्या नोंदणी क्रमांकासह) हवी. लॉट नंबर बरोबर आहे का, पती-पत्नी दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का (आपल्याकडे मधल्या नावांचा गोंधळ हमखास होतो), कराराची किंमत तीच आहे का. किंमत मुद्दाम बघा, कारण तुमचे २० टक्के त्याच्यावरच मोजले जातात. कंपनीची नोंदणी चालू आहे की नाही हे कमिशनच्या रजिस्टरवर दिसतं.

डिपॉझिट किती, हेही कायद्याने बांधलेलं आहे: करार २०,००० डॉलरचा किंवा त्याहून मोठा असेल तर ५ टक्क्यांच्या वर नाही. तुमच्या बाबतीत २२,५०० च्या पुढे कोणी मागितलं तर ते बेकायदा आहे. काही बिल्डर कराराआधी सॉइल टेस्ट, टेंडर, इंजिनिअरिंग अशा नावांनी काही हजार घेतात. मातीची माहिती करारापूर्वी मिळवणं बिल्डरला बंधनकारकच आहे, त्यामुळे तो खर्च खरा असतो. पण ती रक्कम परत मिळणारी आहे का, आणि डिपॉझिटमध्ये वळती होते का, हे लिहून घ्या. शिवाय सही केलेल्या कराराची प्रत मिळाल्यावर ५ कामाच्या दिवसांत तुम्हाला माघार घेता येते. ते पाच दिवस करार वकिलाला दाखवण्यासाठी वापरा, फर्निचर बघण्यात घालवू नका.

सॉइल टेस्टचा विषय निघालाच आहे तर टार्नीटच्या मातीबद्दल बोललंच पाहिजे. मेलबर्नची पश्चिम बाजू बेसॉल्टच्या पठारावर वसली आहे आणि त्यावरची चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. आपल्या देशावरच्या काळ्या रानाची माती जशी वागते, अगदी तशीच. कमी खोलीचा वॅफल स्लॅब (जमिनीवरच ओतलेला जाळीदार काँक्रीटचा पाया) अशा जमिनीवर असेल आणि कडेला पाणी मुरत राहिलं, तर कडा वर उचलल्या जातात. विमा आणि कोर्ट यांत अडकलेली मी पाहिलेली सगळ्यात दुःखदायक प्रकरणं याच स्लॅब हीवची. सुरुवात फार साधी दिसते: बेडरूमचं दार चौकटीला घासायला लागतं, मग दाराच्या वरच्या कोपऱ्यातून प्लास्टरमध्ये तिरपी रेघ छताकडे चढते. त्या रेघेच्या टोकाला पेन्सिलने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, भेगेवर मिलिमीटरची पट्टी धरून फोटो काढा. दर महिन्याला. रेघ खुणेच्या पुढे गेली की तुमच्याकडे पुरावा तयार. ५ मिलिमीटरच्या पुढची भेग असेल तर थेट स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, रंगारी नको.

या प्रकरणांत बिल्डर आणि विमा कंपनी दोघांचाही पहिला प्रश्न असतो, मालकाने पाण्याचं काय केलं? भिंतीला लागून वाफा केला, रोज पाइप सोडला, पावसाळी पन्हळ जमिनीवरच रिकामी होत राहिली, पेव्हिंगचा उतार घराकडे दिला, तर दोष तुमच्यावर ढकलायला जागा मिळते. भिंतीलगत तुळस, कढीपत्ता, अळू लावायची हौस मला पूर्ण समजते. ते कुंड्यांत लावा, किंवा भिंतीपासून दूर.

दावा करायची वेळ आलीच तर उशीर करू नका. दोष कळल्यापासून किती दिवसांत कळवायचं ते पॉलिसीत लिहिलेलं असतं आणि त्यावर दावे नाकारले जातात. बिल्डर बुडाल्याची बातमी आली की त्याच दिवशी साइटचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, जाळी लावून प्लॉट बंद करा, पैसे दिल्याचे बँक स्टेटमेंट, व्हेरिएशनचे, म्हणजे करारात नंतर केलेल्या बदलांचे, सही झालेले कागद, तपासणी अहवाल एका फाइलमध्ये लावा. विमा कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या बिल्डरकडून काम सुरू करून घेऊ नका, कितीही घाई असली तरी. आणि ज्या सुतार-प्लंबरचे पैसे बिल्डरने थकवलेत, ते तुमच्या दारात येतील. त्यांची कणव वाटणं साहजिक आहे, पण त्यांचा करार बिल्डरशी होता, तुमच्याशी नाही. तुम्ही त्यांना भावनेच्या भरात दिलेले पैसे कुठेही धरले जाणार नाहीत.

विमा संपला म्हणजे बिल्डरची जबाबदारी संपली असंही नाही. काम नीट, योग्य साहित्याने आणि राहण्यालायक करून देण्याच्या कायदेशीर हमी करारात आपोआप असतात, आणि ऑक्युपन्सी परमिटपासून (घरात राहण्याच्या परवान्यापासून) १० वर्षांपर्यंत बिल्डरवर दावा करता येतो. फक्त तो बिल्डर तोवर टिकायला हवा.

तुमच्या बहिणीचं सिडनीत बांधायचं चाललंय असं लिहिलंत. तिला हे सगळं जसंच्या तसं पाठवू नका. न्यू साउथ वेल्समध्ये सक्ती २०,००० डॉलरच्या वर लागते, मर्यादा ३ लाख ४० हजार आहे, डिपॉझिट १० टक्क्यांपर्यंत चालतं आणि योजना आयकेअर या संस्थेकडे आहे. आणि वडिलांनी विचारलं की पुण्याच्या फ्लॅटला असा विमा का नाही: रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत दोष दिसला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं प्रवर्तकावर बंधनकारक आहे, आणि न केल्यास महारेराकडे जाता येतं. पण ती बिल्डरचीच जबाबदारी; तो बुडाल्यावर पैसे देणारी अशी वेगळी पॉलिसी मालकाच्या हातात तिथे येत नाही. विम्याची तरतूद कलम १६ मध्ये आहे, पण ती घरमालकापर्यंत पोचलेली दिसत नाही. तिथलं खरं संरक्षण म्हणजे ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती.

या आठवड्यात तुम्ही करायचं ते एवढं: बिल्डरला आज ईमेल करा की सर्टिफिकेट मिळाल्यावर डिपॉझिट देऊ, करारात टप्प्यांची टक्केवारी बदललेली आहे का ते शोधा (बदलायची असेल तर वेगळ्या फॉर्मवर तुमची सही लागते, आणि ती करू नका), आणि सॉइल रिपोर्टची प्रत मागा. त्यात साइट क्लास एच-वन, एच-टू (खूप फुगणारी माती) किंवा पी (अडचणीची जमीन) लिहिलेला असेल तर स्लॅबचं डिझाइन त्याच क्लासचं आहे ना, हे इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर बघून मगच पुढे जा.